ऐकायला बसलेला माणूस

मंडळी, मी शिक्षक नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मघाशी ओळख करून देताना मला 'गुरुजी' म्हणाले आणि मी जरा अवघडलो. माझी नोकरी झाली भुसावळला, रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे. निवृत्तीनंतर जवळच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागलो. मंगळवार आणि शुक्रवार, एकेक तास. तिथे मी करतो काय, तर ऐकतो. पोरं वाचतात, मी ऐकतो. विषय एवढाच आहे. पण तुम्ही पाऊण तास दिलाय, तर फोड करून सांगतो.

शाळा दोनशिक्षकी. पहिली ते चौथी, पट ४२. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठापर्यंत पट असला की शिक्षक दोन. म्हणजे एका बाईंकडे पहिली-दुसरी, दुसऱ्या बाईंकडे तिसरी-चौथी. एका वर्गाला गणितं घालून द्यायची, तोवर दुसऱ्याचं वाचन घ्यायचं. आता हिशेब करू, खिडकीवरच्या माणसाची ही खोड जात नाही. एकेका पोराचं वाचन रोज पाच मिनिटं ऐकायचं म्हटलं, तर २१ पोरांना १०५ मिनिटं. पावणेदोन तास! मग बाईंनी शिकवायचं कधी? शिवाय खिचडीच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, बैठका. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामाला जुंपू नये, असं त्याच कायद्यात कलम आहे. आहे, एवढंच म्हणतो.

मग होतं असं, की एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ओढायचं. लांबून ऐकलं तर शाळा काय सुरेख वाचते असं वाटतं. पहिल्याच आठवड्यात तिसरीतल्या एका पोराने मला अख्खा धडा खडखडीत वाचून दाखवला. नजर मात्र खिडकीबाहेरच्या शेळीवर! मी सहज मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं, म्हटलं, हा कोणता? पोरगं गप्प. मग ओठ हलायला लागले. त्याने मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि त्या शब्दाशी पोचल्यावर एकदम मोठ्याने म्हणाला, "झाडावर!" बरोबर होतं. पण ते वाचन नव्हतं. नागपूरपासून रुळावरून चालत यावं तेव्हा भुसावळ सापडावं, तसं ते होतं.

हे एकट्या त्या पोराचं नाही. पोरांना वाचन-गणित किती येतं ते बघणारी 'असर'ची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन होते. त्यात वाचनाच्या चार पायऱ्या असतात: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२२ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या १०० पोरांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी विसाच्या आसपास होती. करोनात शाळा बंद राहिल्या, त्याचाही तो फटका. मला त्या आकड्यापेक्षा त्या पायऱ्यांचा उपयोग झाला. पोरगं कितवीत आहे ते विसरायचं, कोणत्या पायरीवर उभं आहे ते बघायचं आणि तिथून पुढे चालायचं. चौथीतलं पोर अक्षरावर अडलं असेल तर अक्षरापासून. लाज वाटू द्यायची नाही, बस.

आणि मराठी अक्षरं काही सरळ नाहीत, बरं का. आपण साठ वर्षं वाचतोय म्हणून आपल्याला कळत नाही. पहिली वेलांटी लिहितात अक्षराच्या आधी, म्हणतात नंतर. 'र' तर बहुरूपीच. 'सूर्य'मध्ये य च्या डोक्यावर जाऊन बसतो, पण म्हणायचा य च्या आधी. 'चक्र'मध्ये पायाशी तिरका, 'राष्ट्र'मध्ये आणखी निराळा. मी बाभळीच्या काटक्या मांडून हे दाखवतो. एका मुलीला 'सूर्य' जमायला तीन शुक्रवार लागले. तीन शुक्रवार एका शब्दाला देणं बाईंना परवडणार नाही. मला परवडतं, माझ्याकडे दुसरं आहेच काय?

आता माझी चूक सांगतो. दुसरीतला एक मुलगा चांगला वाचत होता. 'डोळा' आला, त्याने वाचलं 'डोया'. मी म्हटलं, नीट बघ, डोळा. त्याने पुन्हा बघितलं, पुन्हा 'डोया'. मी तिसऱ्यांदा टोकलं. पोरगं मिटलं ते मिटलंच. नंतरचे तीन आठवडे मी दिसलो की पाणी प्यायला जायचं. दोष त्याचा नव्हता. आपल्या भागात घरोघरी डोया म्हणतात, केयं म्हणतात. त्याने ळ ओळखला होता आणि आपल्या आईसारखा म्हटला होता. म्हणजे त्याने वाचलं होतं! अहो, मी जन्मभर खिडकीवर बसलो, माणसं 'जयगाव द्या' म्हणायची आणि मी जळगावचं तिकीट फाडून द्यायचो. कधी कोणाला उलट विचारलं नाही. आणि त्या सात वर्षांच्या पोराला मी अडवून ठेवलं. आता तो वाचेल तसं वाचू देतो. लिहिताना ळ काढतो ना, झालं.

शाळेत शिरायचं कसं, हे बरेच जण विचारतात. मुख्याध्यापकांना भेटा. शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालकच असतात, त्यांच्याही कानावर घाला. आमच्या मोठ्या बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस येणार?" त्यांचं बरोबर होतं. वह्या वाटून, बॅनर धरून फोटो काढून गेलेले त्यांनी पुष्कळ बघितले होते. बाईंच्या शिकवण्यावर तोंड उघडायचं नाही. पोराला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, ओट्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसायचं. आणि वार चुकवायचा नाही. माझी एक शुक्रवारची दांडी पडली तर पुढच्या मंगळवारी जाब विचारला गेला, तोही पहिलीतल्या मुलीकडून.

संध्याकाळी देवळात वर्ग का घेत नाही, असंही कोणी म्हणतं. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात असं झालं होतं. 'प्रथम' संस्थेने तयार केलेले गावातलेच स्वयंसेवक शाळेबाहेर वाचनाचे वर्ग घ्यायचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञ मंडळींनी त्याचा अभ्यास केला. जी पोरं आली, त्यांचं वाचन चांगलंच सुधारलं. पण आली शंभरातली आठेक. संध्याकाळी पोरांना गुरं असतात, धाकटी भावंडं असतात, खेळ असतो. म्हणून मी शाळेच्या वेळात, शाळेच्या ओट्यावर.

कोणाला बघायला यायचं असेल तर मंगळवारी या. परिपाठ झाल्यावर पोरं पुस्तक घेऊन ओट्यावर येतात. सतरंजी मी आणतो, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची सांगून ठेवा. आणि डबा आपापला आणा, तिथली खिचडी मोजून शिजते.