डिकीतलं पाणी

(दृश्य : कुडाळजवळचं रस्त्याकडेचं गॅरेज, जुलै महिना. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजतोय. पांढरी सेडान, डिकी उघडी.)

डिकीतलं कार्पेट उचललं की खाली एक जाड बोर्ड लागतो. तोही उचलला की स्टेपनीचा खड्डा. या गाडीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी आहे. जॅक बुडालाय, पान्यावर गंज चढलाय आणि पत्र्याच्या जोडांवर तांबूस डाग आलेत. मालक मात्र पाण्याची तक्रार घेऊन आलेच नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की गाडीत कुबट वास येतो आणि सकाळी मागची काच आतून धुरकट झालेली असते.

गाडीला सीएनजीचं गॅस किट आहे. सिलिंडर डिकीत बसवला तेव्हा स्टेपनी खड्ड्यातून काढून बाजूला उभी बांधली. रिकाम्या खड्ड्यात मग कोण कशाला डोकावेल?

चार मीटर लांबीची गाडी वरून पाहिली तर जेमतेम ७ चौरस मीटरची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर उघड्यावर उभ्या गाडीवर ७०० लिटर पाणी पडतं. सिंधुदुर्गात जुलैमध्ये १०० मिलिमीटर ही काही बातमी नव्हे. त्या ७०० लिटरमधलं रोज अर्धा लिटर जरी आत शिरलं, तरी आठवड्याभरात खड्ड्यात साडेतीन लिटर पाणी साचतं.

ते शिरतं कुठून, हा खरा प्रश्न. खड्डा हा गाडीच्या मागच्या अंगाचा सगळ्यात खोल भाग. पाणी कुठूनही येवो, मुक्काम तिथेच. कौलारू घरात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कौल फुटलेलं असतं आढ्याशी, पाणी वाशावरून ओघळत येतं आणि टपकतं देवघरात. गाडीतही पत्र्याचे जोड आणि वायरींचे जुडगे हेच वासे.

(दृश्य : डिकीच्या रबरावर पांढऱ्या सिलिकॉनची ओबडधोबड रेघ. मेस्त्री ती पातीने खरवडतायत.)

आधी एका ठिकाणी ‘रबर गेलंय’ म्हणून रबराभोवती सिलिकॉन भरून दिलं होतं. त्याने पाणी थांबलं नाही. मेस्त्रींचा पहिला तास ते खरवडण्यातच गेला. गळतीपेक्षा असं सिलिकॉन जास्त त्रास देतं, कारण ते मूळ वाट झाकून टाकतं आणि त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तर पुढे तिथे रंगही धरत नाही, फट बुजवणारं दुसरं सीलंटही नाही. त्यातही ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते उघड्या लोखंडाला गंजवतं. हार्डवेअरच्या दुकानात नेमकं तेच हाताशी लागतं.

“पाणी खयसून येता ता आधी बघूया,” मेस्त्री म्हणतात, आणि पुढचा बराच वेळ हातात सीलंटची नळी घेतच नाहीत.

सुरुवात पाण्यापासूनच. स्पंजने टिपलेलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडात पाहायचं. स्वच्छ असेल, तर वरून आलेला पाऊस. गढूळ असेल, तर चाकांनी उडवलेलं रस्त्यावरचं. साबणाचा वास किंवा बुळबुळीतपणा असेल, तर मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी तुटलेली असू शकते, पण ते हॅचबॅक आणि मोठ्या गाड्यांचं दुखणं. सेडानला बहुधा मागे वायपरच नसतो. इथल्या वाटीत तळाशी लाल गाळ बसला. कोकणची जांभ्याची माती. म्हणजे निदान काही पाणी तरी खालून येतंय. मेस्त्रींनी मान डोलावली, बोलले काहीच नाहीत.

(दृश्य : डिकी पूर्ण रिकामी. कार्पेट, बाजूचे पॅनल, पुठ्ठे बाहेर.)

आता सगळं कोरडं करायचं. नुसतं पुसून भागत नाही, जोडांच्या फटीत अडकलेलं पाणी हवेच्या पाइपने फुंकून काढावं लागतं. नाहीतर ते नंतर ओघळतं आणि आपण नव्या गळतीच्या शोधात फिरत बसतो. मग तळाला आणि दोन्ही बाजूंच्या खोबणींत वर्तमानपत्राचे कागद पसरले. कागदावर ओघळ कुठून कुठे गेला ते स्वच्छ दिसतं. एरवी अशा वेळी एक जण टॉर्च घेऊन डिकीत बसतो आणि दुसरा बाहेरून पाणी मारतो. ज्या सेडानची मागची सीट दुमडत नाही, तिच्या बंद डिकीत माणूस कोंडू नये; गॅस सिलिंडरशेजारी तर मुळीच नाही. इथे सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि माणसाऐवजी मोबाइल ठेवला, टॉर्च चालू, व्हिडिओ चालू. बाहेरचा माणूस जागा बदलताना मोठ्याने सांगतो, “खालचा बंपर… डावा दिवा… उजवा दिवा…” आणि ते आत रेकॉर्ड होतं. ओघळ दिसला की कुठल्या हाकेला आला ते कळतं. ही युक्ती आम्हाला फार आवडली.

पाणी मारायचं साध्या नळीने, बागेला घालतात तसं. प्रेशर वॉशर नको. त्याच्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसतं आणि निर्दोष जागा पकडली जाते. आणि सुरुवात खालून करायची. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्याच जागांवरून ओघळतं, मग नेमकी कुठली गळली ते कोण सांगणार? खालची जागा पाच-दहा मिनिटं भिजवायची, डिकी उघडून पाहायची, मगच वर सरकायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी घाई इथेच होते.

बंपरच्या मागे, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, प्लॅस्टिकच्या चौकटीत रबरी पडदे असतात. दार धाडकन लावलं की आतली हवा त्यांतून बाहेर पडते आणि ते पुन्हा मिटतात. एखादा पडदा वाकला किंवा चौकटीभोवतीचा फोम कुजला, तर भर पावसात गाडी पळत असताना तिथून पाणी आत येतं. चौकट काढून नवा फोम किंवा ब्यूटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावून ती परत बसवायची. काही जण ते भोकच कायमचं बुजवतात. मग दार लागायला जड जातं, काचांवर वाफ धरते आणि लोक एसीला दोष देतात. या गाडीचे पडदे मात्र धड होते.

मग डावा दिवा. हाक रेकॉर्ड झाली आणि मिनिटभरात व्हिडिओत, दिव्याच्या खालच्या नटाशी, एक चमकता थेंब आला. मग दुसरा. मग कागदावर सरळ ओघळ.

(दृश्य : दिवा उतरवलाय. मागचं फोमचं गॅस्केट, म्हणजे दिवा आणि पत्रा यांमधली पाणी अडवणारी गादी, चपटं, एका कोपऱ्यात फाटकं.)

मालकांना आता आठवलं, की मागे कुणीतरी ठोकलं होतं, तेव्हा बंपर रंगवताना दिवा काढला होता. तो परत बसवला जुन्याच गॅस्केटवर. दाबून बसलेला फोम पुन्हा फुगत नाही. दिव्याची मागची बाजू आणि पत्रा स्पिरिटने पुसून तिथे ब्यूटाइल टेपची अखंड वळी लावली, दोन टोकं एकमेकांवर चढवून. नट हाताने सगळीकडे सारखे आवळले, पाना लावला तो शेवटी आणि जपून. जोर लावला की प्लॅस्टिकला तडा जातो, आणि मग नवा दिवाच घ्यावा लागतो.

चहा आला. मालकांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव. मेस्त्री मात्र वाटीतल्या लाल गाळाकडे बोट दाखवतात. दिव्यातून आलेलं पाणी स्वच्छ होतं.

पण आधी वरचं तपासून घेतलं. डिकीच्या तोंडाशी पत्र्याची उभी कड असते, तिच्यावर रबर बसतं आणि बाहेरून पाण्याची पन्हळ जाते. पन्हळीत आंब्याची पानं कुजून बसली होती, ती काढली. रबराचा दाब पाहायला कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी लावायची आणि ओढायची. सहज सुटली तर तिथे दाब नाही. उजव्या कोपऱ्यात पट्टी सैल निघाली, म्हणून झाकणाखालचा रबरी गुटका फिरवून थोडा खाली केला. रबर बदलावं लागलं नाही. मागच्या काचेची कड, छतावरच्या काळ्या पट्ट्यांखालची खाच, बिजागरीशी वायरी आत जातात तिथला रबरी बुच, सगळं कोरडं. बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवलेला असेल, तर त्याची वायर रबराखालून तर नेलेली नाही ना, एवढंही पाहून घ्यावं. ती जिथून जाते तिथे रबर उचललं जातं.

(दृश्य : गाडी उचललेली. खालून पाण्याची नळी. वर डिकीत मोबाइल.)

आता खालून. तळाच्या पत्र्यावर पाणी मारताच सिलिंडरच्या स्टँडच्या एका बोल्टभोवती लालसर पाणी पाझरू लागलं. किट बसवताना तळाला भोकं पाडली, बोल्ट आवळले, वॉशर घातले. सीलंट घातलं नाही. कापलेल्या पत्र्याच्या कडेला रंगही लावलेला नव्हता, म्हणून तिथेच गंज सुरू झाला होता. रस्त्यावर पाणी साचलं, की मागची चाकं ते नेमकं याच भागावर फेकतात. गाडी न उचलता वरून कितीही पाणी मारलं असतं, तरी ही वाट सापडली नसती.

सिलिंडरचे बोल्ट मेस्त्रींनी स्वतः उघडले नाहीत. गॅस किटचं काम करणारा अधिकृत माणूस बोलावला, आणि घरी कुणी हे करून पाहू नये. भोकाची कड घासून गंज काढला, झिंक प्रायमर मारला, तो सुकल्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून बोल्ट परत आवळले आणि खालून अंडरबॉडी कोटिंग दिलं. इपॉक्सीचा गोळा इथे चालत नाही. तो दगडासारखा कडक होतो, आणि रस्त्यावरच्या खड्ड्यातून जाताना तळाचा पत्रा हलतोच, मग कडेने चीर पडते. पीयू रबरासारखं ताणतं.

सीलंट वाळायला एक रात्र दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नळी, तोच क्रम, खालून वर. कागद कोरडे राहिले.

राहिला प्रश्न वासाचा. कार्पेटखालचं नमद्याचं अस्तर पाणी धरून ठेवतं. वरून हात फिरवला तर कोरडं वाटतं, पिळलं की धार लागते. ते ओलं परत बसवलं तर सगळी मेहनत वाया, पत्रा आतूनच गंजेल. कोकणात जुलैमध्ये ऊन कुठून आणायचं? मालकांनी अस्तर घरी नेऊन पंख्याखाली टाकलं. गाडीत तोवर काचा बंद करून एसी चालवत राहिले, कारण एसी हवेतली ओल काढून घेतो.

खड्ड्याच्या तळाशी एक रबरी बुच असतं. साचलेलं पाणी सोडायला ते काढायचं आणि परत लावायचं. पुष्कळ जण ‘पाण्याला वाट असू दे’ म्हणून ते काढूनच टाकतात. त्या वाटेने रस्त्यावरचं पाणी वर येतं, आणि पावसाळ्यात आसरा शोधणारे उंदीरसुद्धा.

गाडी नेताना मेस्त्रींनी मालकांना सिलिंडरवरच्या पाटीवरची तारीख दाखवली. सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. त्यासाठी सिलिंडर उतरतो, आणि कधी कधी स्टँडही हलवतात. यांची तारीख पुढच्या वर्षीची आहे. तेव्हा सिलिंडर परत बसला की त्याच बोल्टला पुन्हा सीलंट भरून घ्यायचं, आणि ते भरलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्पेट अंथरू द्यायचं नाही.