गोळ्या घेता ना, मावशी?

मांडीवर सूप, हातात कात्री, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, सकाळी सकाळीच विड्या वळायला सुरुवात होते. दारात एप्रन घातलेली, एमबीबीएस शिकणारी एक मुलगी उभी आहे.

"बीपीच्या गोळ्या घेता ना, मावशी?"

"घेते की! चक्कर आली की घेते."

ही गोळी रोज घ्यायची असते, चक्कर येवो न येवो. पण हे उत्तर कॉलेजच्या वॉर्डात ऐकायला मिळत नाही. तिथं मावशी पोचते ती अर्धांगाचा झटका आल्यावर, स्ट्रेचरवरून.

सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. त्याच्याही आधी, १९४६ साली, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीनं डॉक्टरांना प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं शिक्षण द्यायला सांगितलं होतं. आज इंटर्नशिपमध्ये त्यासाठी १२ आठवडे आहेत. २०२२ पासून पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना काही कुटुंबं नेमून दिली जातात. ही मुलगी त्यामुळेच इथवर आली, आणि हे फार चांगलं झालं.

पण ते १२ आठवडे? पुष्कळांचे नीट-पीजीच्या, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासातच जातात. आम्हाला त्या मुलांना दोष द्यायचा नाही. सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३० हजार लोकसंख्या धरलेली असते. ओपीडीची रांग, लसीकरण, बाळंतपणं, वरून अहवाल. यात तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं इंटर्नला शेजारी बसवून शिकवायचं कधी? शिकवणं हे त्यांचं काम मानायला हवं, त्यासाठी वेळ आणि मोबदला द्यायला हवा. घरी जाऊन औषध चालू आहे का हे बघायला तिथंच शिकता येतं. आणि भाषासुद्धा! सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. 'दम लागतो का' हे पेशंटच्या भाषेत विचारता आलं, तर निम्मं काम तिथंच होतं.

मुलगी आता जमिनीवर बसली आहे. गोळ्यांची पट्टी तिनं उलटसुलट करून पाहिली. दहापैकी सात तशाच.

"मावशी, सकाळचा चहा किती वाजता?"

"नळाला पाणी आलं की."

मावशी उठते, पट्टी चहा-साखरेच्या डब्यांमध्ये उभी करून ठेवते आणि पुन्हा सूप मांडीवर घेते. मुलगी वहीत लिहिते : शिल्लक गोळ्या, ७.