रूळ रस्त्याखालून

(दृश्य : ईस्ट फॉल्स चर्च स्थानक, सकाळ)

दोन्ही अंगांनी ६६ क्रमांकाचा महामार्ग धावतोय आणि मधोमध, दुभाजकाच्या जागेत, मेट्रोचा फलाट. आवाज आम्ही मुद्दाम कमी केलेला नाही. इथं शेजारच्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टन शहरापासून नदीपलीकडे, आर्लिंग्टन काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, स्वतःचं स्थानिक सरकार असलेला. १९६०च्या दशकात तिथली मेट्रो बरीचशी अशीच, महामार्गाच्या पोटातून न्यायचं घाटत होतं. जागा आयती, खोदाई नाही, खर्चही कमी.

(जुनी छायाचित्रं : विल्सन बुलेव्हार्ड)

हा विल्सन बुलेव्हार्ड. बैठी दुकानं, दुकानांपुढे गाड्यांसाठी मोकळं आवार. चालणारा माणूस शोधावा लागतो. याच रस्त्यावर बॉलस्टनला १९५१ मध्ये पार्किंगच्या मजल्यांसकट एक मोठं व्यापारी संकुल उघडलं. त्याचं नाव ‘पार्किंग्टन’! पुढे लांबच्या उपनगरांत नवे मॉल झाले, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि हा रस्ता ओस पडायला लागला.

काउंटीने इथेच हट्ट धरला. रूळ महामार्गावर नकोत, या मरगळलेल्या रस्त्याच्या खालून न्या. भुयार म्हणजे जास्त पैसा, जास्त वर्षं आणि उकरलेला बाजार. पण महामार्गात उतरलेला प्रवासी चालत जाणार कुठे? दुकानांच्या दारात उतरला, तर तो तिथेच काहीतरी घेईल, तिथेच राहायलाही येईल.

(दृश्य : रॉसलिनचा सरकता जिना, वरून खाली, एकच सलग शॉट)

हा जिना कापलेला नाही, पूर्ण पाहा. पायाखालचं काम केवढं होतं, ते यावरून कळतं. १९७७ मध्ये रॉसलिन स्थानक सुरू झालं. १ डिसेंबर १९७९ला गाडी बॉलस्टनपर्यंत पोचली. सुमारे ५ किलोमीटरमध्ये पाच स्थानकं : रॉसलिन, कोर्टहाऊस, क्लॅरेंडन, व्हर्जिनिया स्क्वेअर, बॉलस्टन.

(दृश्य : उंच गच्चीवरून संपूर्ण पट्टा)

वॉशिंग्टनच्या आसपास ड्रोनला मनाई, म्हणून कॅमेरा गच्चीवर चढवला. बरंच झालं. इथून नियोजनाचा नकाशाच दिसतो. नेमबाजीच्या फळीवर वर्तुळं असतात ना, तशी प्रत्येक स्थानकाभोवती आखली. मधल्या वर्तुळात सगळ्यात उंच बांधकाम, बाहेर जावं तशी उंची उतरत जाते आणि शेवटी कौलारू, अंगणवाली घरं. त्या घरांना हात लावायचा नाही, असं आधीच ठरलेलं. म्हणून तर शेजारपाजारचे लोक उंच इमारतींना तयार झाले. बिल्डरला जादा मजले हवे असतील, तर त्याने रुंद पदपथ, झाडं, बसायची जागा द्यायची. पाचही स्थानकं एकाच साच्यातली केली नाहीत. रॉसलिनला कार्यालयं, कोर्टहाऊसला सरकारी कचेऱ्या. क्लॅरेंडन मात्र मुद्दाम ठेंगणं ठेवलं, गावच्या बाजारपेठेसारखं.

आपल्याकडे पुण्यात मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरमध्ये ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचं धोरण आहे. मधल्या वर्तुळाबद्दल आपण तावातावाने बोलतो. उतरत्या कडेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

(दृश्य : क्लॅरेंडन, शनिवार संध्याकाळ)

हे कारंजं, ही मुलं, ही बाकं. इथं पूर्वी सिअर्स दुकानाचं वाहनतळ होतं. २००१ मध्ये त्यावर ‘मार्केट कॉमन’ उभं राहिलं : खाली दुकानं, वर घरं, गाड्या नजरेआड. पुढच्याच वर्षी देशाच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, या काउंटीला ‘स्मार्ट ग्रोथ’चा, म्हणजे शहाणपणाने केलेल्या शहरवाढीचा, पुरस्कार दिला.

खोदकामाच्या वर्षांत भाडी पडली होती, तेव्हा क्लॅरेंडनमध्ये व्हिएतनामी निर्वासितांनी दुकानं थाटली होती. ‘लिटल सायगॉन’ म्हणायचे. भाडी चढली तशी त्यांतली बरीचशी फॉल्स चर्चच्या ‘ईडन सेंटर’ या व्यापारी संकुलात गेली.

(दृश्य : गाडीच्या पुढच्या काचेतून, संध्याकाळ)

बॉलस्टन सुटलं. अजून भुयारच आहे. आता पुढे उजेड दिसतोय... आणि गाडी बाहेर आली. दोन्ही बाजूंना महामार्ग, लाल दिव्यांची रांग. पुढचं स्थानक ईस्ट फॉल्स चर्च.