मिडोवाला, व्हायरेडवाला

(दृश्य : कपाशीच्या शेतांमधून जाणारा रस्ता. एसटीचा थांबा. मोबाइलवर वाकलेली तीन मुलं.)

"मिडो. लिनेज. डर्टी फ्लॅश. बूटलूप. लॉग जोडलाय."

यवतमाळकडच्या एखाद्या खेड्यातून रात्री टेलिग्रामच्या ग्रुपवर असा मेसेज पडतो. धड एक वाक्य नाही, तरी ज्याला कळायचं त्याला सगळं कळतं. फोन रेडमी नोट ४. 'मिडो' हे त्याचं कोडनेम. त्यात कंपनीची सिस्टिम नाही, लिनेजओएस आहे. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेलं अँड्रॉइड. आधीचं काहीच न पुसता त्याच्यावरच नवं टाकलं, आणि आता फोन सुरू होता होता परत सुरू व्हायला लागतो, पुढे जातच नाही. शेवटचे दोन शब्द मात्र नीट ऐका. लॉग जोडलाय. म्हणजे हा पोरगा नुसता "भाऊ, वाचवा" म्हणत आलेला नाही. बिघाड कुठे झाला याची नोंद काढून सोबत घेऊन आलाय. ग्रुपमध्ये त्याची पत त्या दोन शब्दांवर ठरते.

(दृश्य : तालुक्याच्या गावातलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर उघडे पडलेले फोन.)

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. जानेवारी २०१७ मध्ये रेडमी नोट ४ भारतात विकायला आला. कापसाचा चुकारा हातात पडला की घरात एक फोन घ्यायचा, तो सगळ्यांनी मिळून वापरायचा, अशी कितीतरी घरं इकडे आहेत. दोन-तीन वर्षांत कंपनीचे अपडेट थांबतात, फोन रखडायला लागतो, आणि नवा घ्यायला पैसे नसतात. मुलं इथून फोनमध्ये स्वतःच नवी सिस्टिम टाकायच्या या विद्येकडे वळली. हौस होतीच, पण त्याआधी गरज होती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

काम जोखमीचं. आधी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडायचं. त्यासाठी शाओमीच्या बऱ्याच फोनना १६८ तास, म्हणजे सात दिवस, थांबावं लागायचं. कुलूप उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. मग पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकदम दाबून धरायचं, रिकव्हरीत, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या पडद्यात, शिरायचं, नव्या सिस्टिमची फाइल चढवायची. मधेच लाइन गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला तर घामच फुटतो. घरी ऐकावं लागतं ते वेगळंच : "पोट्ट्यानं मोबाइल खराब करून ठेवला."

हे सगळं पार करून आलेला मुलगा आपल्या नावाखाली एक ओळ लिहितो. फोन व्हायरेड. रॉम लिनेज. रूट मॅजिस्क. बस. व्हायरेड म्हणजे रेडमी नोट ५ प्रो, बेरिलियम म्हणजे पोको एफ१, रॉम म्हणजे फोनमध्ये टाकलेली सिस्टिम, रूट म्हणजे फोनचा पूर्ण ताबा आणि मॅजिस्क म्हणजे तो मिळवून देणारं साधन, हे तिथे कुणी समजावत बसत नाही. त्या एका ओळीतून दिसतं की याने कुलूप स्वतः उघडलंय, बूटलूप भोगलाय, रात्री जागवल्यात. ग्रुपच्या नियमांत एक ठरलेलं वाक्य असतं : ईटीए विचारू नका. नवी आवृत्ती कधी येणार, असं विचारणारा नवखा ठरतो. ती बांधणारा माणूस कॉलेज किंवा नोकरी सांभाळून, फुकट काम करत असतो, हे जुन्यांना ठाऊक असतं.

(दृश्य : काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि चिन्हं.)

नावाखाली अशी ओळ लिहायची ही चाल जुनी आहे. १९९३ मध्ये रॉबर्ट हेडन या अमेरिकन माणसाने 'गीक कोड' तयार केला. गीक म्हणजे कॉम्प्युटरसारख्या गोष्टींचं वेड असलेला माणूस. मेलच्या खाली, सहीच्या जागी, अक्षरांची एक रांग. जी ने सुरुवात, पुढे आपलं क्षेत्र. कॉम्प्युटर सायन्सवाला असेल तर जीसीएस. सगळ्यातच हात घालणारा असेल तर जीएटी. मग कपडे, वय, युनिक्स, विंडोज, शिक्षण, अशा एकेका गोष्टीला एक अक्षर आणि त्यापुढे अधिक किंवा उणे. जितकं वेड जास्त, तितकी अधिकची चिन्हं. त्या कामावर पोट भरत असेल तर डॉलरचं चिन्ह. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते बाणासारखं टोक असलेलं चिन्ह. ते लावलं की अर्थ होतो : आज मी इथे आहे, पण मला तिथे पोचायचंय. स्वतःची ओळख सांगताना अपुरेपणासाठीही त्यात जागा ठेवलेली होती.

विदर्भातल्या माणसाला अशी नावं परकी वाटू नयेत. इथला शेतकरी सोयाबीनबद्दल बोलताना "तीनशे पस्तीस पेरलं" म्हणतो. जेएस-३३५ हे वाणाचं पूर्ण नाव घ्यायची गरजच पडत नाही. ऐकणाऱ्याला वाण कळतं, आणि बोलणारा शेतातला आहे हेही कळतं.

पण गावात ओळखीची सुरुवात दुसरीकडून होते. पारावर बसलेला म्हातारा विचारतो, "कोनाचा व्हय रे बाप्पा तू?" मग बापाचं नाव, आडनाव, आणि आडनावावरून पुढचं सगळं. त्या विचारण्यात माया असते, हे खरं. पण आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो, हेही इथल्या कितीतरी पोरांनी अनुभवलंय. मिडोच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, लॉग आहे का? इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही, कारण पूर्ण वाक्य कुणीच लिहीत नाही. दर्यापूरचा मुलगा आणि ब्राझीलचा मुलगा सारख्याच पाच शब्दांत बोलतात.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मला खुपते. हीच लघुलिपी कुंपणही होते. नवख्याला झिडकारतात, "आधी पिन केलेला मेसेज वाच" म्हणून वाटेला लावतात. मुली तर या ग्रुपमध्ये क्वचितच दिसतात. घरातला एकच फोन, तो भावाच्या हातात. बिघडवून शिकायची मुभा तिला कोण देणार?

(दृश्य : फोनचा पडदा. बदलांची यादी वर सरकते आहे.)

आता पैशांचे व्यवहार फोनवरच होतात, आणि बँकांची बरीच अ‍ॅप कुलूप उघडलेल्या फोनवर चालत नाहीत. म्हणून अनेकांनी पुन्हा कंपनीची सिस्टिम टाकली. काही जण मात्र फाइल चढवता चढवता कोड लिहायला लागले. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, प्रत्येक बदलाची नोंद राहते : कोणी केला, कधी केला, काय केलं. सुरुवातीला फोनचं कोडनेम, पुढे विसर्गाची दोन टिंबं, मग काम. मिडो : कॅमेरा दुरुस्त. मिडो : बॅटरीचा खप कमी. कोड खुला आहे. ज्याला वाटेल त्याने उघडावा, तपासावा, चूक दिसली तर सुधारून पाठवावा.