दोन ओळखपत्रं आणि एक घाबरलेली घोडी

नमस्कार, श्रोतेहो.

दिवसाचा अर्धा वेळ मेडिकल असिस्टंट म्हणून दवाखान्यात काम करायचं आणि उरलेल्या वेळात नर्सिंग शिकायचं, अशी ओढाताण जे करतात त्यांच्याशी आज बोलायचं आहे. काम काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. वजन, उंची, ताप, नाडी, बीपी, ईसीजीचे इलेक्ट्रोड लावणं, रक्ताच्या नळ्यांवर लेबल चिकटवणं, पेशंट गेला की खोली पुसून पुढच्यासाठी तयार ठेवणं. यातलं बरंचसं नर्सिंगच्या सुरुवातीला पुन्हा शिकवलं जातं. आणि प्रात्यक्षिकात बीपी मोजताना ज्यांचे गुण जातात, त्यांत बीपी रोज मोजणारेही असतात.

असं का होतं? दवाखान्यात बाहेर रांग असते. रांगेमुळे हात भराभर चालायला लागतो आणि त्या घाईत पायऱ्या गळतात. बाहीवरूनच पट्टा बांधायचा, पेशंट खुर्चीत टेकला न टेकला तोच हवा भरायचा रबरी बल्ब दाबायला घ्यायचा, आणि वर गप्पाही चालू. परीक्षक नेमकं हेच टिपतात, आणि बरोबरच करतात. असिस्टंटनं आकडा आणून द्यायचा असतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा का, आणि ठेवला तर पुढे काय करायचं, हे नर्सला ठरवायचं असतं. पुन्हा सांगते. असिस्टंट आकडा आणतो. नर्स आकड्यावर प्रश्न विचारते. नोकरीत आणलेल्या प्रत्येक आकड्यावर मनातल्या मनात तो प्रश्न विचारायला लागा, तुमचं नर्सिंगचं शिक्षण ड्युटीवरही चालू राहील.

आता हा प्रश्न का विचारायचा, त्यासाठी एक गोष्ट सांगते. माझ्या फार आवडीची आहे. गोष्ट आहे एका घोडीची.

इंग्लंडमध्ये टेडिंग्टन नावाच्या गावात स्टीफन हेल्स नावाचा एक धर्मगुरू होता. हा डॉक्टर नव्हता. चर्चचं काम करायचा, आणि उरलेल्या वेळात झाडांमधलं पाणी वर कसं चढतं, प्राण्यांच्या अंगातलं रक्त किती जोरानं वाहतं, हे मोजत बसायचा. रक्तावरचे आपले प्रयोग त्यानं १७३३ साली छापले, आणि त्यांत पहिलाच प्रयोग या घोडीचा. सुमारे चौदा वर्षांची, उंची चौदा हात, म्हणजे घोड्यांच्या मोजमापातले हात; जमिनीपासून खांद्यापर्यंत साधारण १४२ सेंटीमीटर. त्यानं तिला पाठीवर आडवी पाडून बांधली. भूल नाही. भूल देणं तेव्हा माहीतच नव्हतं. मांडीची मोठी धमनी उघडली, तिच्यात पितळेची बारीक नळी बसवली आणि त्या नळीला जोडली एक काचेची नळी. किती लांब? नऊ फूट! खोलीच्या छताला टेकेल एवढी काच उभी धरलेली, खाली बांधलेलं जनावर, आणि मग धमनीवरची गाठ सोडली.

रक्त नळीत चढायला लागलं. आधी झपाट्यानं, मग प्रत्येक ठोक्याबरोबर थोडं थोडं. शेवटी ते थांबलं हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर. आणि तिथेही स्थिर नाही. दर ठोक्याला दोन, तीन, चार इंच वर-खाली. मला वाटतं, आपण आज बीपीच्या यंत्रात काट्याची थरथर बघतो ना, ती माणसानं पहिल्यांदा पाहिली ती या काचेत. अशा प्रयोगांत जनावर धडपडलं तर काच फुटू नये म्हणून हेल्सनं पितळ आणि काचेच्या मध्ये जोड म्हणून हंसाची श्वासनलिका वापरली. रबराची नळी नव्हती, मग निसर्गातलीच लवचीक नळी घेतली. ही युक्ती मला मोजमापाइतकीच आवडते. हाताशी जे आहे त्यातून नेमकी गरजेची वस्तू काढणं हा वॉर्डात रोज लागणारा गुण आहे, आणि तो कुठल्याच अभ्यासक्रमात गुणांसाठी धरत नाहीत. धरायला हवा.

तर आठ फूट तीन इंच. आपल्या भाषेत, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, हा दाब किती? आठ फूट तीन इंच म्हणजे सुमारे अडीच हजार मिलिमीटर. पारा रक्तापेक्षा साधारण तेरापट जड. भागा तेरानं. येतात १९० च्या आसपास मिलिमीटर पारा. आणि हा सरासरी दाब आहे, वरचा नव्हे.

श्रोतेहो, शांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याचा सरासरी दाब यापेक्षा बराच कमी असतो. मग हेल्सचं मोजमाप चुकलं का? नाही. काच खरं बोलत होती. त्या क्षणी त्या घोडीच्या अंगात तेवढाच दाब होता. पण ती पाठीवर बांधलेली होती, वेदनेत होती, जिवाच्या आकांतानं धडपडत होती. छापून आलेला पहिला रक्तदाब हा एका घाबरलेल्या जिवाचा रक्तदाब होता. आकडा खरा, पण तिच्या रोजच्या जगण्याबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

तुमच्या खुर्चीत धापा टाकत येऊन बसलेली, पांढरा कोट बघून घशाला कोरड पडलेली व्यक्ती आणि ती घोडी यांच्यात रक्तवाहिन्यांच्या दृष्टीनं फार फरक नाही. म्हणून पाच मिनिटं. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं. ही पाच मिनिटं कुठून आणायची? वजन-उंची आधी उरका, पेशंटला खोलीत बसवा, पट्टा बांधून ठेवा, आणि औषधांची यादी, ॲलर्जी वगैरे माहिती सुरुवातीलाच विचारून घ्या. मग गप्प राहा, किंवा दुसऱ्या खोलीची तयारी करून या. ताप आणि नाडी बीपीनंतर. जाता जाता एक सांगते. प्रतीक्षागृहातला तो मोठ्या आवाजातला टीव्ही बंद ठेवावा असं माझं ठाम मत आहे. दवाखान्यात माणूस बरा व्हायला येतो आणि आपण त्याला भांडणाच्या चर्चा ऐकवतो.

गोष्ट अजून थोडी आहे. घोडीनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी, १८९६ साली, इटलीत शिपिओने रीवा-रोच्ची यानं दंडावर बांधायचा फुगणारा रबरी पट्टा आणला. आता धमनी कापायला नको. पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी बोटाला लागेनाशी झाली की पारा वाचायचा. पण त्याचा पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद. एवढ्या अरुंद पट्ट्याला धमनी दाबायला जास्त जोर लागतो, म्हणून आकडा फुगून यायचा. १९०१ साली फोन रेकलिंगहाउझेन यानं दाखवून दिलं की पट्टा बराच रुंद हवा. आणि १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह हा शल्यविशारद पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकू लागला. युद्धातल्या जखमींच्या फाटलेल्या रक्तवाहिन्या तपासताना त्याच्या कानाला आवाजांची सवय झाली होती. पट्ट्यातली हवा सोडताना आवाज सुरू होतो तो वरचा दाब, विरून जातो तो खालचा. हे त्यानं मांडलं ते निवेदन पानभराचंही नव्हतं. तुम्ही कानात जे ठोके ऐकता त्यांना आजही त्याचंच नाव आहे.

आता हातातलं काम. ऐकूनच लक्षात राहावं म्हणून सावकाश सांगते.

दंड उघडा. बाही गुंडाळून वर सारली आणि ती दंडाला आवळत असेल, तर हात बाहीतून काढायला सांगा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. मूत्राशय भरलेलं असलं की दाब चढतो. हात हृदयाच्या पातळीला, आणि तो टेबलानं पेलायचा, पेशंटनं नव्हे. हात खाली लोंबत असेल तर दर अडीच सेंटीमीटरला आकडा सुमारे दोननं वाढतो. दहा सेंटीमीटर खाली, म्हणजे आठांची वाढ फुकटची. एवढ्यावर एखाद्याची गोळी वाढू शकते.

पट्टा. आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे चाळीस टक्के, लांबी ऐंशी टक्के. म्हणजे दंडाचा घेर तीस सेंटीमीटर असेल तर फुगा बारा रुंद आणि चोवीस लांब. पट्टा लहान पडला की आकडा वाढून येतो, तीच रीवा-रोच्चीची चूक. पट्टा फार मोठा झाला की आकडा उतरून येतो. मोठा पट्टा बहुतेक दवाखान्यांत कपाटात असतो; तो हुकावर, हाताला येईल असा ठेवा, नाहीतर घाईत कोणी काढत नाही. खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर. ज्या बाजूला डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी, आहे किंवा काखेतल्या गाठी काढल्या आहेत, तो हात नको. कागद नसेल तर पेशंटलाच विचारा.

मग आधी बोट, नंतर कान. मनगटाची नाडी धरून फुगवा, नाडी गेली तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा. अर्धा-एक मिनिट थांबा. आता स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या वीस-तीस वर फुगवा. ही पायरी सर्रास गळते. काही लोकांत आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. बोटानं आधी अंदाज घेतला नसेल तर १८० चा दाब तुम्ही १४० लिहून मोकळे व्हाल. हवा सोडायची सेकंदाला दोन मिलिमीटर. फार भराभर सोडली तर वरचा कमी आणि खालचा जास्त वाचला जातो. आणि काटा १३४ वर असेल तर १३४ च लिहा, १३० नको. शून्यावर संपणारे आकडे पानभर दिसले की समजावं, कोणीतरी अंदाजानं लिहितंय.

पुन्हा एकदा, तीनच गोष्टी: पाच मिनिटं, पट्टा, पातळी.

आता दोन ओळखपत्रांबद्दल. नोकरीच्या तासांत तुम्ही असिस्टंट. कालच कॉलेजात सलाईनची सुई लावायला शिकलात तरी आज ड्युटीवर ती लावायची नाही, कारण तिथे तुमच्यामागे शिक्षक नाही आणि तुमच्या पदाला ती परवानगी नाही. एखाद्या सिस्टर प्रेमानंच म्हणतील, "शिकलीस ना आता, लाव की." उत्तर तयार ठेवा. "सिस्टर, हे मला कॉलेजच्या देखरेखीखालीच करता येतं. मी सामान मांडून देते आणि शेजारी थांबते." यानं काम अडत नाही, आणि बघायला मिळतं ते वेगळंच. पेशंटनं विचारलं, "गोळी वाढवू का?" तर आकडा सांगा आणि ठरवणाऱ्या माणसाला बोलवा.

क्लिनिकलला, म्हणजे कॉलेजतर्फे वॉर्डात शिकायला जाता तेव्हा, बरोबर उलटं. समजा, बीपी आलं ८८ वर ५४, म्हणजे बरंच कमी. असिस्टंट म्हणून तुम्ही लगेच सिस्टरना कळवता, तेवढं पुरे. विद्यार्थी म्हणून तेवढं पुरत नाही. कळवायला उशीर करायचा नाहीच, पण पेशंट नीट बोलतोय का, अंग थंड-घामट आहे का, नाडी किती, सकाळचं बीपी किती होतं, मधल्या वेळात कोणतं औषध दिलं, हे सोबत सांगता आलं पाहिजे. नोकरीची सवय लागलेली मंडळी आकडा सांगून थांबतात, आणि शिक्षक विचारतात, "मग?" तो "मग" आधी स्वतःला विचारून ठेवा.

वेळापत्रकाचं थोडक्यात. सत्राचं वेळापत्रक हातात पडल्या दिवशीच कामावर द्या. क्लिनिकलचे तास बुडवता येत नाहीत, ड्युटी बदलून घेता येते. रात्रपाळी करून थेट क्लिनिकलला जाऊ नका. सलग सतरा तास जागरण झालं की हातून होणाऱ्या चुका थोडी दारू प्यायलेल्या माणसासारख्या होतात, हे १९९७ साली मोजून दाखवलेलं आहे. अशा वेळी पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या औषधाचा २५० मिलिग्रॅमचा डोस काढताना दहा मिलिलिटरऐवजी भलतंच काही भरलं जाईल. दोन ठिकाणचे गणवेश वेगळ्या पिशव्यांत ठेवा, ओळखपत्रं तर नक्कीच वेगळी.

आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या, मोबाइलवर भागवू नका. नाडी मोजून झाली की बोटं मनगटावरून काढू नका. तशीच ठेवून नजर छातीकडे न्या आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. श्वास मोजतोय असं सांगितलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून सांगायचं नाही. अर्ध्या मिनिटाची दुप्पटही करायची नाही, आणि वीस-वीस-वीस असं न बघता लिहायचं तर मुळीच नाही. वॉर्डात प्रकृती बिघडायला लागली की त्याची चाहूल पुष्कळदा श्वासाच्या याच आकड्यात आधी लागते.

नमस्कार.