जनुकांआधी चप्पल

आत येताना दाराशी तुमच्या चपलांचा ढीग पाहिला. वाचनालय म्हणजे सरस्वतीचं मंदिर, तेव्हा चपला बाहेर; मीही तिथंच काढल्यात. पण आपल्या तळपायाखाली आत्ता काय आहे हे कळत नाही, अशी माणसं या सभागृहात नक्की आहेत. निम्मं व्याख्यान त्यांच्यासाठी. उरलेलं पत्रिकेवरचं: मधुमेहातल्या पायाच्या जखमा भरण्यात जनुकांचा वाटा.

दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकतो. ‘डॉक्टर, आमच्या घराण्यातच जखम भरत नाही. वडिलांचा पाय गेला, काकांचा गेला.’ अहो, घराण्यात जमीन चालत येते, भांडणं चालत येतात, अनवाणी फिरायची सवयही येते. ती कुठल्या गुणसूत्रावर असते?

माझ्याकडे दोन सख्खे भाऊ आले होते. शेतकरी, एकाच वाड्यात राहणारे, दोघांची शुगर जवळपास सारखी. दोघांच्याही अंगठ्याखालचा घट्टा फुटून जखम झालेली. थोरल्यांची दहा आठवड्यांत भरली. धाकट्यांची सहा महिने तशीच. वहिनींनी निकाल दिला, ‘हे सासूबाईंवर गेलेत, भाऊजी सासऱ्यांवर.’ खोटं कशाला बोलू, मीही फसलो. मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं!

मग एकदा धाकट्यांचं ड्रेसिंग सोडताना पट्टीच्या खालच्या बाजूला काहीतरी हिरवट, वाळलेलं दिसलं. वास घेतला. शेण.

‘चालता का हो?’

‘छे, घरातच असतो.’

‘मग हे?’

‘ते होय? धार कोण काढणार? दोन वेळचं तेवढंच.’

आणि जखमेवर भार पडू नये म्हणून मी घातलेलं प्लास्टर? ते तिसऱ्या दिवशीच विळ्यानं कापलेलं. का, तर म्हैस बुजते! हसताय, पण माझा शोधनिबंध त्या शेणात गेला. म्हैस मेव्हण्याकडे पाठवली, पुन्हा प्लास्टर घातलं, आणि सासऱ्यांवर गेलेली ती जखम मुकाट्यानं भरली.

दुखत असतं तर ते चालले असते का? तमिळनाडूत वेल्लोरला शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. हातापायांची बोटं आपोआप ‘झडत’ नाहीत; वेदना कळत नाही म्हणून माणूस ती भाजून, कापून, झिजवून घेतो. मधुमेहात नसा बधिर झाल्या की तीच गत. बधिर पायांसाठी बनवलेल्या वेल्लोरच्या चपलांबद्दल तर मला तासभर...

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. म्हणजे जनुकं आता पळवावी लागणार.

जखम भरण्याचा गुण वारशानं येतो का? येतो. फिलाडेल्फियात एलन हेबर-कॅट्झ यांच्या प्रयोगशाळेत ओळखीसाठी उंदरांच्या कानाला भोकं पाडली होती. एमआरएल जातीच्या उंदरांची भोकं काही आठवड्यांत बुजली, व्रणही राहिला नाही. पिलांतही तो गुण उतरला, पण त्यामागे एक जनुक नाही, अनेक आहेत. शिवाय उंदराची कातडी सैल. जखम बरीचशी आक्रसूनच मिटते. आपल्या तळपायाला ती सोय नाही.

माणसात काय? पेशीला प्राणवायू कमी पडला की ‘हिफ’ नावाचं प्रथिन वाढतं आणि नव्या केशवाहिन्या फुटायचा हुकूम सोडतं. या यंत्रणेच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. रक्तात साखर फार असली की हे प्रथिन टिकत नाही. म्हणजे जनुक धडधाकट, पण त्याचा हुकूम पोचत नाही. हा फरक घराण्याला दोष देणाऱ्यांनी ऐकावा. जनुकातले खरे फेरफारही सापडलेत: जंतूंची चाहूल घेणाऱ्या ‘टीएलआर ४’मधल्या फेरफारांचा या जखमांशी संबंध काशी हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली मांडला. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या ‘व्हीईजीएफ’बद्दलही असेच अभ्यास आहेत. पण हे सगळे छोटे छोटे वाटे. ते पाहून मी आज कुणाचा उपचार बदलत नाही. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली का, हे मोजपट्टीनं मोजतो. झाली नसेल तर आधी रक्तपुरवठा, पू, साखर आणि म्हैस!

नखांचं राहिलं. मोजे राहिले. असो. खिशात दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा आहे; तो तळव्याला टेकवला की कळायला हवं. ज्यांना तपासून घ्यायचंय त्यांनी इथंच थांबा, चपला नंतर शोधू.