दाट कुठलं, न्यूयॉर्क की एलए?

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते, व्हिडिओ थांबवून मनात उत्तर ठरवा. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस म्हणजे एलए, या दोघांत जास्त दाट वस्तीचं कोण? मला वाटतं बहुतेक सगळे न्यूयॉर्क म्हणणार, मीसुद्धा कितीतरी वर्षं तेच म्हणायचे.

आणि शहराच्या हद्दीपुरतं बघितलं तर ते बरोबरच आहे हो. २०२० च्या जनगणनेत न्यूयॉर्क शहरात ८८ लाख माणसं, म्हणजे चौरस किलोमीटरला ११ हजारांच्या वर, आणि शहराचा मधला भाग, नुसतं मॅनहॅटन, धरलं तर २८ हजारांच्याही वर. एलए शहरात ३९ लाख, चौरस किलोमीटरला साधारण ३,२००. विषय संपला असं वाटतं ना? पण हद्दीची रेघ बाजूला ठेवा आणि त्या रेघेबाहेर सलग पसरलेली सगळी वस्ती धरा, उपनगरं, त्यांची उपनगरं, सगळं. मग त्याच जनगणनेत एलएचा पट्टा चौरस किलोमीटरला २,९०० च्या आसपास येतो आणि न्यूयॉर्कचा २,३००. चक्क उलटं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे चुकलेत असं समजून पुन्हा तपासले होते.

कारण आता स्क्रीनवर दिसतंय बघा. मॅनहॅटनमधून ट्रेन पकडून तासभर न्यू जर्सीत नाहीतर कनेक्टिकटमध्ये आत जा, मोठमोठी आवारं, झाडं, दोन घरांत भरपूर अंतर. म्हणजे मधोमध प्रचंड गर्दी आणि कडेला एकदम विरळ. एलएला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधल्या सपाटीवर छोटे छोटे प्लॉट, त्यावर बैठी घरं आणि दोन-तीन मजली अपार्टमेंट, ती सुरू झाली की संपतच नाहीत, मैलोन् मैल तशीच. जास्त भाड्यामुळे एकेका घरात दोन-दोन कुटुंबं राहतात, हेही त्यातच आलं. एलएतल्या कोरियाटाउन आणि वेस्टलेक या वस्त्यांमध्ये तर इतकी माणसं राहतात की मॅनहॅटनची आठवण यावी. पण रस्त्यावर ती दिसत नाहीत, कारण ती गाडीत बसलेली असतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. दाटी किती यापेक्षा ती पायी चालते की चाकांवर, यावर शहरातला दिवस कसा जातो आणि माणसं काय खातात ते ठरतं.

न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, सुरू झाली १९०४ मध्ये, आज ४७२ स्टेशनं आहेत आणि गाड्या रात्रभर धावतात. निम्म्याहून जास्त घरांत स्वतःची मोटार नाही. मग रोज घरातून निघालं की चालायचं, जिने उतरायचे, पुन्हा चालायचं, आणि या चालण्याच्या मधे कुठेतरी पोट भरायचं. पिझ्झाचा स्लाइस घ्या, मधोमध घडी घातली की तो एका हातात मावतो आणि तेल ओघळत नाही, दुसऱ्या हाताला फोन नाहीतर पिशवी. सबवेचं तिकीट आणि स्लाइसची किंमत सोबतच वाढतात हे तिथले लोक १९८० पासून सांगत आलेत. खोल्या लहान, किचन म्हणजे एक भिंत, फ्रिज बारका, त्यामुळे आठवड्याचा बाजार भरून ठेवायला जागाच नाही, कोपऱ्यावरच्या बोडेगात, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, रोज जायचं, दूध तिथेच, साबण तिथेच, सकाळचं बेकन-एग-अँड-चीज सँडविचसुद्धा तिथेच तव्यावर. दुकानदाराला तुमची ऑर्डर पाठ असते. मला ती ओळख फार मोलाची वाटते, कारण इतक्या मोठ्या शहरात एकट्या राहणाऱ्या माणसाला सकाळी कोणीतरी नावानं हाक मारतं.

न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्सला पाच सबवे लाइन एका जागी मिळतात आणि जिना उतरला की ७४व्या स्ट्रीटवर आपली दुकानं. आसपासची मराठी मंडळी कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, गोडा मसाला घ्यायला इथे ट्रेननं येतात, हाताला झेपेल तेवढंच घेतात, आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवर वरून सात नंबरची ट्रेन धडधडत जाताना खाली उभं राहून तिबेटी मोमो खाऊन परत जातात.

एलएलाही एकेकाळी रुळांचं जाळं होतं बरं का! पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या लाल गाड्या, हजार मैलांच्या वर रूळ, त्या प्रकारची जगातली सर्वांत मोठी व्यवस्था. तिच्याच आधारानं हे शहर एवढं लांब पसरलं. मग मोटारी वाढल्या, १९४० मध्ये शेजारच्या पासाडेनाकडे जाणारा पहिला फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेला मोठा रस्ता, उघडला आणि १९६१ मध्ये शेवटची लाल गाडी बंद झाली. मेट्रोच्या रूपानं रूळ परत यायला १९९० उजाडलं. मधल्या तीस वर्षांत सगळं शहर पार्किंगभोवती बांधलं गेलं होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथल्या मराठी माणसाला आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भारतीय दुकानांत जायचं तर गाडी काढायची, ट्रॅफिक बघायचा आणि महिन्याभराचं सामान डिकीत भरूनच परतायचं.

पण याच पार्किंगच्या जागांनी एलएला जे जेवण दिलं त्याला तोड नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर कोपऱ्यावरचे बरेच पेट्रोल पंप बंद पडले, त्या रिकाम्या जागांवर मिनी-मॉल उभे राहिले, पुढे चार-सहा गाड्यांची जागा, मागे एल आकारात सात-आठ गाळे. भाडं त्यातल्या त्यात कमी, आणि नेमके त्याच काळात थायलंड, कोरिया, एल साल्वादोर, कंबोडियाहून लोक येत होते. लाँड्रीच्या शेजारी थाई नूडल्स, त्याच्या शेजारी कंबोडियन कुटुंबाचं डोनटचं दुकान, गुलाबी खोक्यातले डोनट. बाहेरून काहीच शोभा नाही, आणि आत मात्र आयुष्यभर लक्षात राहील अशी चव. २००८ मध्ये शेफ रॉय चॉय यांच्या कोगी या खाण्याच्या ट्रकनं कोरियन पद्धतीचं बीफ टाकोत, म्हणजे छोट्या मेक्सिकन पोळीत, घातलं आणि ट्रक आज कुठे उभा आहे ते ट्विटरवर सांगायला सुरुवात केली, तेव्हा लोक गाड्या घेऊन त्याच्या मागे फिरायला लागले. गाडीवाल्या शहराला ते अगदी साजेसंच होतं.

फुटपाथवर विकणाऱ्यांचे हाल मात्र दोन्हीकडे झाले. न्यूयॉर्कनं १९८० च्या दशकात परवान्यांची संख्या बांधून टाकली आणि परवाने काळ्या बाजारात अफाट भाड्यानं जायला लागले. एलएत तर फुटपाथवर विकणं २०१८ पर्यंत बेकायदाच होतं. ज्या जेवणाच्या जोरावर ही शहरं जगभर मिरवतात, ते बनवणारी माणसं इतकी वर्षं पोलिस दिसले की सामान आवरायची, हा मला सरळ अन्याय वाटतो.

आता ही दोन दृश्यं बघा. मॅनहॅटन, ५३वा स्ट्रीट आणि सिक्स्थ अव्हेन्यूचा कोपरा. १९९० मध्ये इथे हॉट डॉगची गाडी लागली, मुसलमान टॅक्सीवाल्यांना हलाल जेवण मिळेना म्हणून गाडीवाल्यांनी चिकन, गायरो (सळईवर भाजलेल्या मांसाचे काप) आणि भात सुरू केला, आज हे पांढऱ्या सॉसचं ताट शहरभर मिळतं. आणि हे एलए, रात्रीचे अकरा, बंद टायरच्या दुकानाचं पार्किंग. उभ्या सळईवर लाल मसाल्यातलं डुकराचं मांस फिरतंय, वर अननस. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी शावर्माची सळई तिथे नेली, तिथे तिचं आल पास्तोर, म्हणजे हेच लाल मांस, झालं आणि ते इथवर आलं. गायरोची सळईसुद्धा याच घराण्यातली.

दिवसभर काचेआड बसलेली माणसं आता गाड्या लावून खाली उतरलीत, खांद्याला खांदा लावून उभ्यानं खातायत. सुरीच्या एका फटक्यात अननसाचा तुकडा टाकोवर पडतो. माझा नंबर येतो, टाकोवाला विचारतो, "कोन तोदो?" म्हणजे कांदा, कोथिंबीर, सगळं घालू का? मी मान हलवते, आणि मागे अजून पंधराजण उभे आहेत म्हणून पटकन बाजूला होते.